सोबत कात्रणे जोडली आहेत

पालघर जिल्ह्यात एखाद्याला कलेतलं कळतं हे सिद्ध व्हायला फार काही लागत नाही. तो निवृत्त शिक्षक असावा, त्याच्या नावावर स्वखर्चाने छापलेला एखादा कवितासंग्रह असावा, आणि सभेत बोलायला उभा राहिला की त्याला खाली बसवायला तीनदा चिठ्ठी पाठवावी लागावी. एवढी पात्रता असली की कधी ना कधी त्याचं नाव कुठल्यातरी निवड समितीवर लागतं. मग कोळगावच्या जिल्हा मुख्यालयातून बैठकीचं पत्र येतं आणि कालपर्यंत नुसते ‘गुरुजी’ असलेले गृहस्थ परीक्षक होतात. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर त्यांच्या चहाचे पैसे कुणी घेईनासं होतं. या पदाला मिळणारा हा बहुधा सर्वात मोठा भत्ता.

ज्या योजनेसाठी हे सगळं चालतं ती महाराष्ट्र राज्यापेक्षाही वयाने मोठी आहे. १९५४-५५ पासून सरकार वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देत आलं आहे. २०२४ मध्ये तिचं नामकरण ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ असं झालं. एवढं नाव एका दमात म्हणू शकणाऱ्या माणसाला शाहिरीसाठी वेगळा पुरावा मागू नये, अशी सूचना एखाद्या बैठकीत यायला हरकत नाही. मानधन सरसकट महिना ५,००० रुपये, आणि एका जिल्ह्यातून वर्षाला १०० जण.

अटी तीन. वय पन्नासच्या वर हवं. कलेची सेवा किमान १५ वर्षांची हवी. आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत हवं. ज्यांना पाढे येतात त्यांच्या लगेच ध्यानात येईल, की बारा महिन्यांचं मानधन बरोबर ६०,००० होतं. म्हणजे कलावंताला मदत करून सरकार त्याला गरिबीच्या आपल्याच रेषेवर आणून उभं करतं, एक रुपया अलीकडे नाही की पलीकडे नाही. हिशोबाचा असा चोखपणा इतर खात्यांत क्वचित दिसतो.

परीक्षकापुढे खरी अडचण येते ती चौथ्या गोष्टीची, म्हणजे पुराव्याची. अर्जदाराने कला सादर केल्याची प्रमाणपत्रं, छायाचित्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं जोडायची असतात. ही अपेक्षा पुण्यातल्या सुगम संगीतवाल्याला अन्यायाची वाटणार नाही. त्याच्याकडे कात्रणांची वही असते आणि ती तो पाहुण्यांना न मागता दाखवतो. पण पालघर जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत, वसईचा आणि किनाऱ्याचा भाग सोडला, तर कला आणि कागद यांची गाठ क्वचितच पडलेली आहे.

वारली चित्रांचंच घ्या. आज ही चित्रं साड्यांवर, चहाच्या कपांवर, शाळांच्या कुंपणांवर आणि डहाणू रोड स्थानकाच्या भिंतींवर आहेत. मूळची मात्र ती लग्नघरातली. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढतात, मधोमध पालघट देवी बसते, आणि कार्य उरकलं, पुढचा पावसाळा गेला की ती भिंत शेणामातीने पुन्हा सारवली जाते. फायलीच्या भाषेत बोलायचं तर अर्जदार बाई गेली चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करत आली आहे. तिच्या प्रस्तावावर ‘योगदानाबाबत कागदपत्रे आढळून आली नाहीत’ असा शेरा पडला तर त्यात लिपिकाचा दोष नाही. कागदपत्रं नव्हतीच, भिंत होती, आणि भिंतीला स्वयंसाक्षांकित झेरॉक्स नसते.

तीच गत धवलेरीची. वारल्यांची लग्नं पारंपरिक पद्धतीने ती लावते. विधीची सगळी गाणी तिला तोंडपाठ, आणि ती म्हटली गेल्याशिवाय लग्न लागत नाही. अर्जात विचारलेलं असतं, की साहित्यिक की कलावंत? खूण एकाच चौकटीत करायची. ती रचते, गाते, देवांना बोलावते आणि नवरा-नवरीचं लग्नही लावते. चार खात्यांचं काम एकटी बघणाऱ्या बाईला एक चौकट कशी पुरावी? सेतू केंद्रातला पोरगा मग विचार करून ‘इतर’वर खूण करतो.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याने तर परीक्षकांचा अंतच पाहावा. बोहाड्यात देवदेवतांचे, राक्षसांचे आणि प्राण्यांचे मुखवटे चढवून रात्र-रात्र सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराण्याने आणायचं हे पिढ्यांनी ठरलेलं. अर्जदार सांगतो, मी तीस वर्षं नाचतोय. पुरावा म्हणून फोटो जोडतो. फोटोत दहा तोंडांचा रावण. समितीतला एक सदस्य आधार कार्डावरचा चेहरा आणि रावणाची दहा तोंडं आळीपाळीने बघतो. एकही जुळत नाही. ‘छायाचित्रात अर्जदाराची ओळख पटत नाही’ हा शेरा नियमाला धरून आहे, आणि त्याहून मोठी दाद कुठल्याही सोंगाड्याला आजवर मिळालेली नसेल.

हे सगळं वाचून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका परीक्षकाची आठवण काढावीशी वाटते. त्यांना परीक्षक असं कुणी म्हटलं नव्हतं. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला होता तेव्हा पुपुल जयकर यांनी हस्तकला मंडळाच्या वतीने त्यांना मधुबनीला धाडलं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांच्या हाती कागद द्यायचे, म्हणजे चित्र विकता येईल आणि घरात धान्य येईल, अशी ती कल्पना. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर फिरू लागले. त्यांनी अर्ज मागवले नाहीत की उत्पन्नाचे दाखले बघितले नाहीत. झोपडीत शिरून भिंत बघितली. अशा भटकंतीत गंजाडजवळच्या कलमीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा म्हसे सापडले.

आता गंमत अशी, की परंपरेच्या कुठल्याही जाणकार समितीने म्हसे यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला ठेवला असता. चित्रं काढणं हे सवाशिणींचं काम, आणि अर्जदार पुरुष. चित्र लग्नाला काढायचं, आणि हा माणूस लग्न असो नसो, रोज काढतो. ‘पारंपरिक शैलीशी विसंगत, अपात्र’. तज्ज्ञाला इतकं लिहायला पाच मिनिटं पुरली असती. कुलकर्णींनी कागद आणि रंग पुढे केले. म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या ‘माजिसिएं द ला तेर’ प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या जोडीने प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मश्री आली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. तोवर कात्रणांचा प्रश्न सुटलेला होता, हे सांगायला नकोच.

म्हणून आजच्या परीक्षकानेही पाड्यापाड्यांवर फिरावं, असं म्हणणं सोपं आहे. पण मोखाड्याच्या टोकाला जाऊन यायचं म्हणजे एक दिवस एसटीला वाहायचा, आणि प्रवासखर्चाचं बिल मंजूर होईपर्यंत परीक्षक स्वतःच ज्येष्ठ कलावंत योजनेला पात्र व्हायचा. तेव्हा तो कार्यालयातच बसतो आणि गठ्ठे त्याच्यापुढे येतात.

गठ्ठ्यांचा अभ्यास केल्यावर परीक्षकाला एक शोध लागतो. जिल्ह्यातल्या यच्चयावत कलावंतांना ‘लहानपणापासूनच कलेची आवड’ असते. एकालाही ती पस्तिसाव्या वर्षी लागलेली नसते. सगळ्यांनी ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून’ कला जोपासलेली असते, सगळ्यांनी ‘समाजप्रबोधनाचे कार्य’ केलेलं असतं. व्यसनमुक्ती, स्त्रीभ्रूणहत्या, हागणदारीमुक्ती आणि अलीकडे प्लॅस्टिकबंदी, क्रमसुद्धा तोच. सुरुवातीला परीक्षकाला वाटतं ही परंपरेची एकवाक्यता. मग पाचव्या-सहाव्या अर्जात ‘प्रबोधना’चं ‘प्रभोदन’ झालेलं पुन्हा दिसतं आणि उलगडा होतो, की तालुक्याच्या नाक्यावर टंकलेखनाचं एकच दुकान आहे. तारपावाला, भजनी बुवा आणि पोवाडेवाला तिघांचं आत्मचरित्र एकाच माणसाने लिहिलं आहे. खरा साहित्यिक तो; पण त्याचं वय तीसच्या आत असल्याने अर्ज करता येत नाही.

बोईसर-तारापूरचा गठ्ठा आणखी निराळा. औद्योगिक वसाहतीमुळे तिथे घाटावरचे, खानदेशातले, कोकणातले, उत्तर प्रदेश-बिहारचे असे सगळे आलेले. आपापली कला ते बोचक्यात बांधून घेऊन आले. दुसरी पाळी सुटल्यावर तालीम करणारी नाटकमंडळी इथली, आणि गणपतीत एका मंडपात शक्ती-तुरा तर पुढच्या गल्लीत बिरहा ऐकायला मिळतो तोही इथेच. वाडवळीत कविता लिहिणाऱ्या परीक्षकासमोर बिरहा गाणाऱ्याचा प्रस्ताव आला की तो चष्मा पुसतो, पंख्याकडे बघतो, आणि ‘आवाजात गोडवा आहे’ असं फायलीवरून ठरवतो. कारखान्यातून निवृत्त झालेल्या नटाची अडचण वेगळीच. आयुष्यभर त्याने राजाचं काम केलेलं असतं, आणि आता पगाराच्या जुन्या स्लिपा त्याला ६०,००० च्या आत बसू देत नाहीत.

भजनी मंडळं हा तर एक स्वतंत्र विषय आहे. मंडळात पंधरा माणसं. पेटीवाला एक, पखवाजवाला एक, बुवा एक. उरलेले बारा टाळकरी. अर्ज पंधराही जण करतात, आणि का करू नयेत? टाळ वाजवणं ही कला आहे की नाही यावर समितीत होणारी चर्चा भरतमुनींनीही ऐकावी अशी असते. कलेचा वाद अनिर्णित राहिला की शेवटी हरिनामावर सगळ्यांचं एकमत होतं आणि चहा येतो.

२०२४ च्या आधी आणखी एक मजा होती. कलावंतांचे अ, ब, क असे वर्ग पाडले जात. राष्ट्रीय पातळीचा अ, राज्य पातळीचा ब, जिल्हा पातळीचा क. मानधन अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये. म्हणजे ज्याने एकदा दिल्लीला जाऊन पथकात मागच्या रांगेत नाच केला तो राष्ट्रीय, आणि ज्याने त्या अख्ख्या पथकाला नाच शिकवला पण गाडीभाड्याअभावी पाड्यावरच राहिला तो क. मुंबईत मराठी चित्रपटांना अनुदान देतानाही समिती बसते. तिथे अनेक वर्षं ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख असा हिशोब होता. तिथल्या दोन वर्गांत दहा लाखांचं अंतर, इथल्या पहिल्या आणि शेवटच्या वर्गात ९०० रुपयांचं. भांडणाचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच चढत असणार, कारण मानाचा दर बाजारभावाने ठरत नाही. आता सरसकट ५,००० झाल्यामुळे परीक्षकाच्या हातचं हे हत्यार गेलं आहे. आता तो फक्त पात्र आणि अपात्र म्हणू शकतो, आणि त्याला ते थोडं अळणी लागतं.

दिल्लीचा प्रकार याहून भारदस्त. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती मिळाली तर ज्येष्ठांना दोन वर्षं महिना २०,००० आणि कनिष्ठांना १०,००० मिळतात. ज्येष्ठ म्हणजे चाळिशीपुढचा. पालघरात जो अजून दहा वर्षं कच्चा मानला जाईल तो दिल्लीत पिकलेला असतो. पण तिथे प्रकल्प सादर करावा लागतो. ‘मी तारपा वाजवतो’ हा प्रकल्प होत नाही. ‘तारपा वाद्याचे जतन, संवर्धन व दस्तऐवजीकरण : एक चिकित्सक अभ्यास’ हा होतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण यांतून वाद्य घडवणारा माणूस कोपऱ्यात बसून राहतो आणि त्याच्यावर चिकित्सक अभ्यास करणाऱ्याचा अर्ज नेटका दिसतो. परीक्षकही माणूसच, समासात आखलेला, पाच कलमांचा आराखडा बघितला की त्याचं मन विरघळतं.

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. जिल्ह्याला आनंद झाला, सत्कारांची रांग लागली. नव्वदीतल्या माणसाच्या फुफ्फुसांची ताकद सरकारला कळायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न सत्काराच्या भाषणात कुणी विचारत नाही. तिथे वेळ हारांना पुरत नाही.

आता हितसंबंधांविषयी. जगात सगळीकडे नियम असा, की अर्जदार ओळखीचा निघाला तर परीक्षकाने उठून बाहेर जावं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीत असंच होतं. पालघरात हा नियम काटेकोर पाळला तर अवघड प्रसंग ओढवेल. केळवे-माहीमचा प्रस्ताव आला की एक सदस्य उठेल, कारण अर्जदार त्याच्या मेव्हण्याचा व्याही. सातपाटीचा आला की दुसरा उठेल. डहाणूचा आला की तिघे. तासाभराने खोलीत चहाचे पेले गोळा करणारा शिपाई तेवढा उरेल, आणि चौकशी केली तर तोही वाड्याच्या एका बुवांचा भाचा निघेल. म्हणून इथे दुसरी, अधिक व्यवहारी पद्धत रूढ होण्यासारखी आहे. नातेवाइकाचा प्रस्ताव आला की परीक्षक जागेवरच बसतो, पण नजर खिडकीबाहेर लावतो. बाकीचे ओळखतात.

त्याच अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला, की प्रत्येक परीक्षण मंडळावर कलावंत नसलेला एक जाणता सामान्य नागरिकही हवा. आपल्याकडे असा कायदा करायची गरज पडली नाही. ब्रिटनमध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्या पुढाकारातून १९४६ साली आर्ट्स कौन्सिल उभं राहिलं. पैसा सरकारने द्यावा आणि वाटपापासून हात लांब ठेवावा, असं त्यामागचं तत्त्व. तत्त्व उत्तम आहे. आपल्या इथले हातही लांबच असतात, फक्त ते कुठवर पोचतात याचा अंदाज येत नाही.

सर्वात धाडसी तोडगा पुन्हा इंग्रजांचाच. ब्रिटिश अकादमीने २०२२ पासून छोट्या संशोधन अनुदानांसाठी एक प्रयोग सुरू केला. जेवढे अर्ज दर्जाच्या कसोटीला उतरतील तेवढ्यांची नावं घ्यायची आणि सोडत काढायची. हे ऐकून पालघरच्या माणसाला नवल वाटणार नाही. म्हाडाच्या घराची सोडत असो की सरपंचपदाच्या आरक्षणासाठी शाळकरी मुलाने काढलेली चिठ्ठी, तिच्यावर इथल्या जनतेचा जेवढा विश्वास आहे तेवढा कुठल्याच तज्ज्ञावर नाही. शिवाय सोडतीत नाव आलं नाही तर माणूस नशिबाला बोल लावतो. समितीने वगळलं तर परीक्षकाच्या घरी येतो.

आणि तो येतोच. यादी लागते त्या दिवसापासून टपरीवरचा चहा पुन्हा पैशाने मिळू लागतो. ज्यांची निवड झाली ते म्हणतात, व्हायलाच हवी होती, उलट उशीर झाला. ज्यांची झाली नाही ते फाइल छातीशी धरून ओट्यावर बसतात. सोबत मिसेस असते, एखादा शिष्यही असतो. गुरुजी समजावतात, अहो काका, कला तुमची मोठीच आहे, पण पुरावा कमी पडला. प्रमाणपत्रं जोडा, पुढच्या वर्षी बघू. काका मान डोलावतात आणि उठता उठता विषय काढतात, की येत्या एकादशीला मंडळाचा कार्यक्रम आहे, तर अध्यक्षस्थान आपणच स्वीकारावं.

नाही म्हणणं जड जातं. गुरुजी जातात. शाल, श्रीफळ, फेटा होतो. पाऊण तास बोलतात. चिठ्ठ्या येतात, पण अध्यक्षांना त्या वाचायचं बंधन नसतं. शेवटी मंडळाच्या पंधराही कलावंतांना प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि प्रत्येकावर कार्यक्रमाचे अध्यक्ष म्हणून गुरुजींची झोकदार सही असते. दुसऱ्या दिवशी स्थानिक साप्ताहिकात फोटोसह बातमी येते.

पुढल्या वर्षीच्या बैठकीत गठ्ठा सुटतो. प्रस्ताव परिपूर्ण असतात, वय, उत्पन्न, कात्रण, छायाचित्र, कशातच त्रुटी नाही. समाजकल्याण विभागाचा लिपिक प्रमाणपत्रावरची सही बघतो, समोरच्या हजेरीपटावरची सही बघतो आणि दोन्ही कागद समितीच्या अध्यक्षांकडे सरकवतो. गुरुजी खिडकीबाहेर बघू लागतात.